गुरुजींच्या मिशा

आमचे मोहिते गुरुजी फळ्याकडे तोंड करून कधी बोलत नसत. आधी मुकाट्यानं लिहायचं, खडू ठेवायचा, वर्गाकडे वळायचं आणि मगच बोलायचं. कुणी धडा वाचायला उभं राहिलं, तरी त्यानं पुढं बसलेल्या माझ्या बहिणीकडे, सुलीकडे, तोंड करायचं. “तोंड दिसल्याबिगर बोलायचं न्हाई,” हा आमच्या वर्गाचा कायदा होता.

लहानपणी तापात सुलीचे कान गेले होते. बोलणाऱ्याच्या ओठांवरून तिला बरंचसं कळे. वयानं माझ्याहून मोठी, पण मागं पडून माझ्याच वर्गात आली होती. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता आणि कराडजवळच्या आमच्या गावात वडिलांना घरकामाला हात हवे होते.

“गुरुजी, वार्षिकात हिला शुद्धलेखन जमलं न्हाई, तर म्हशींमागं धाडतो,” त्यांनी सांगून टाकलं.

“आवं, कान गेल्यात, डोळं हायत न्हवं?” गुरुजी म्हणाले.

पण शुद्धलेखन काही जमेना. गुरुजी सांगत आणि सुलीची पाटी कोरीच राही. गुरुजी पलटणीतून आलेले. मिशा अशा झुबकेदार, की त्यांना वरचा ओठ आहे की नाही याचीच आम्हाला शंका. एकदा वैतागून सुलीनं स्वतःच्या ओठावर बोट आडवं धरलं आणि नकारार्थी मान हलवली. वर्ग खो खो हसला. गुरुजी तेवढे हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते मिशा सफाचट करून आले! आमच्याकडे बाप गेल्याशिवाय कुणी मिशा उतरवत नाही. मधल्या सुट्टीत चार जाणती माणसं पडलेल्या चेहऱ्यानं शाळेत हजर. त्यांत आमचे वडीलही होते.

“लय वाईट झालं, गुरुजी. कवा गेलं दादा?”

“दादा खंडाळ्यात ठणठणीत हायत. पोरीला माझं तोंड दिसंना, म्हणून काढल्या.”

वडील खाली मान घालून निघून गेले. बाप जिवंत असताना मिशा काढल्या म्हणून दादांनी पुढं कितीतरी दिवस गुरुजींशी अबोला धरला. ते गुरुजींना फार लागलं होतं, तरी त्यांनी मिशा वाढवल्या नाहीत.

वार्षिक परीक्षेत सुलीनं शुद्धलेखन लिहिलं. चुका झाल्या, पण माझ्याहून कमीच. वडिलांनी म्हशींचं नाव पुन्हा काढलं नाही. निकालाच्या दिवशी तिनं गुरुजींना खुणेनंच सांगितलं, आता वाढवा. गुरुजी तिच्याकडे वळून सावकाश म्हणाले, “नगं. तुझ्यावानी आनखी कुनी आलं तर?” असा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

सुली हायस्कुलात असताना गुरुजी गेले. सांगलीला, विश्रामबागेत, मुलाच्या घरी. आम्ही दोघी गेलो. भिंतीवर त्यांचा पलटणीतला फोटो होता, ताजा हार घातलेला, मिशांसकट. सुली पुढं झाली, काचेवर मिशांच्या जागी बोट आडवं धरलं आणि आपल्या चिरक्या आवाजात म्हणाली, “गुरुजी.”