आईचे आतले चार शेक

ऊसतोडीच्या हंगामात आमच्या पाथर्डीकडच्या घराला सहा महिने कुलूप असायचं. आई आणि आबा, म्हणजे माझे वडील, अशी नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात. एक जण घरी बसला की उरतो अर्धा कोयता, आणि त्याला टोळीत कुणी विचारत नाही. म्हणून आई सगळं अंगावर काढायची. पाळी जाऊन चार वर्षं झाली होती, तरी रक्त जायला लागलं. फडकं आवळून ती मोळ्या उचलत राहिली. वसतिगृहात राहून मी बी.ए. झाले, आमच्या घरात पहिलीच. मलाही तिने उशिरा सांगितलं.

नगरच्या दवाखान्यात बायोप्सी झाली. म्हणजे बारीक तुकडा काढून तपासतात. "गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. पुढचं मला ऐकूच आलं नाही. आई बाहेर बाकावर होती. मी तिला म्हणाले, "पिशवीला सूज हाय. शेक घ्यायचेत."

पाच आठवडे बाहेरून रेडिएशन दिलं. आमच्याकडे त्याला शेकच म्हणतात. रक्त थांबलं. आता ब्रेकीथेरपी उरली होती, म्हणजे आतून द्यायचे चार शेक. आणि त्यातल्या पहिल्याच्या आदल्या दिवशी आई गायब. आबांना घेऊन ती श्रीरामपूरकडच्या उसाच्या फडावर गेली होती.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "रक्त थांबलं म्हणजे आजार गेला नाही. सगळे उपचार आठ आठवड्यांत संपायला हवेत. मध्येच सोडले तर तो परत वाढतो."

सहावा आठवडा चालू होता. मी फडाकडची एसटी पकडली.

आई वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या बांधत होती. "रगत थांबलंय की. तुज्या आबाचा कोयता अर्धा करू व्हय?"

"आई, खरं सांग."

ती खाली बसली. "वार्डातली बाई म्हनली, आत निखारा घालत्यात अन् दार लावून समदे बाहेर पळत्यात. तू तर कायच सांगत न्हाईस. कालिजात गेल्तीस ना?"

बरोबर वर्मी लागलं. फॉर्म सगळे मी भरले, पण आबांसमोर त्या अवयवाचं नाव उच्चारायची मला लाज वाटली होती. तिथेच बांधावर, आबांच्या देखत, मी अवयवाचं नाव घेऊन सगळं बोलले. मी कॅन्सर म्हणाले तेव्हा आई म्हणाली, "त्ये ठावं हाय मला. फुडचं सांग."

ठिबकची तुटकी नळी पडली होती, ती उचलून दाखवली. अशी बारीक नळी आत बसवतात. तिच्यातून किरणं देणारा तांदळाएवढा दाणा जातो, ठरलेली मिनिटं थांबतो आणि मशीनमध्ये परत येतो. अंगात काही राहत नाही.

आबांनी हातातला कोयता खाली ठेवला. मग म्हणाले, "ऊठ गं. अर्धा तर अर्धा."

आतल्या पहिल्या शेकाला कमरेखाली भूल दिली, नळ्या बसवल्या, सीटी स्कॅन केला. तीन तास हलायचं नाही. मग जड दार बंद झालं आणि आई आत एकटी राहिली. दहा-बारा मिनिटंच, पण कॅमेऱ्याच्या पडद्यावर तिचे पाय हलत नव्हते, आणि मला वाटलं, आपणच हिला इथं आणून मारलं.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "निखारा न्हवता गं. गारच लई हुतं."

नंतर त्रास झाला. जुलाब, लघवीला जळजळ. योनिमार्ग आकसू नये म्हणून डॉक्टरांनी दिलेली वेगळी नळी वापरावी लागते. तेही मी तिला शब्द न गिळता सांगितलं. प्रत्येक तपासणीच्या आठवड्यात मला अजून झोप लागत नाही.

तुमच्या घरात असं कुणाला झालं, तर तिला आधी सांगा, अवयवाचं नाव घेऊन. भीती माणसाला फडावर पळवते.

आईचे चारही शेक मुदतीत पूर्ण झाले. दोन वर्षं झाली, तपासणीत आजार दिसलेला नाही.