हॅट घातलेली सवत

लग्न होऊन मी कारंजाला आले, तेव्हा आमच्या खोलीत देवांच्या तसबिरींच्याही वर एका गोऱ्या माणसाचं चित्र लावलेलं होतं. काळा कोट, डोक्यावर उंच हॅट, एक पाय जमिनीवर आणि एक हवेत. कुठल्याशा इंग्रजी मासिकातून कापून पुठ्ठ्यावर चिकटवलेलं. मी सासूबाईंना विचारलं, "हे कोण?"

त्या म्हणाल्या, "तुह्या नवऱ्याचा देव. त्याले हात नको लावजो, रागावते तो."

हे पंचायत समितीत कारकून होते. नागपूरला मामांकडे शिकायला असताना यांना रविवारी सकाळच्या खेळाचे जुने इंग्रजी सिनेमे पाहायची सवय लागली होती. मारामारीचे नव्हेत. ज्यांत माणसं बोलता बोलता गाऊ लागतात आणि चालता चालता नाचू लागतात, ते. त्यातला हा हॅटवाला यांच्या मनात असा बसला होता की नोकरी लागली, लग्न झालं, तरी तो काही उठला नाही. बुटांच्या टाचांना यांनी चांभाराकडून लोखंडी नाल ठोकून घेतले होते. आंघोळ झाली की मागच्या फरशीवर टक-टक-टकाटक सुरू व्हायचं. शेजारच्या घरातून विचारणा व्हायची, "काय कुटून राह्यले वं, बाई?"

सुरुवातीला मला हसू यायचं. मग राग यायला लागला.

तो माणूस जिना कसा उतरतो हे सांगायला बसले की यांच्या बोलण्याला खळ नसे. कॉलर किती उंच, पँटीला चुण्या किती, हॅट काढताना करंगळी कशी धरतो, सगळं पाठ. एकदा मी समोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "डोळे मिटा बरं जरा."

यांनी मिटले.

"मी आज कोणत्या रंगाचं पातळ नेसले?"

बराच वेळ विचार करून म्हणाले, "हिरवं."

जांभळं होतं. माहेरून आलेलं, पहिल्यांदाच घडी मोडलेलं.

वडनेरला माझी मोठी बहीण दिली होती. तिच्याकडे गेले तेव्हा मी हे सगळं रडत सांगितलं. तिनं शांतपणे विचारलं, "बाई तर नाई ना? मंग काऊन रडून राह्यली?"

"बाई असती तर तिच्या झिंज्या उपटल्या असत्या, आक्का. ह्याचं काय करू?"

ती हसली, पण माझ्याच्यानं हसवेना. बाकीच्या बायका दुसऱ्या बाईवर जळतात, त्यात निदान एक रीत आहे. मी मात्र साता समुद्रांपलीकडच्या एका म्हाताऱ्या होत चाललेल्या बाप्यावर जळत होते, आणि ते कुणाला सांगायचीही सोय नव्हती.

पुढे मुलगी झाली. तिला टोचायला आरोग्य केंद्रातल्या नवीन सिस्टरबाई घरी आल्या. पन्नाशीच्या, एकट्या राहणाऱ्या, नागपुरातच शिकलेल्या. मुलीचा दंड धरला आणि त्यांची नजर भिंतीवर गेली.

"अरे देवा! हा इथं कसा?" आणि त्यांनी घाईनं त्याचं नाव घेतलं.

आतल्या खोलीतून हे धावत आले. त्या दिवसापासून दर रविवारी दुपारी सिस्टरबाई आमच्याकडे चहाला येऊ लागल्या. त्यांच्यावर संशय घ्यावा असं काही नव्हतं. त्या सासूबाईंना आक्का म्हणत आणि यांना भाऊ. मी जळायची ती त्या दोघांच्या बोलण्यावर. मी चहा ठेवायची, आणि कप घेऊन बाहेर येईपर्यंत ते दोघं त्या हॅटवाल्यामागून कुठल्या तरी जिन्यावर पोचलेले असत. "अन् मंग तो वळते तवा!" हे म्हणत. "वळत नाही हो, नुसता खांदा फिरवतो," सिस्टरबाई म्हणत, आणि दोघं खुश. कप माझ्या हातात तसेच.

एका रविवारी त्या गेल्यावर मी म्हटलं, "मलेही न्या नागपूरले. पाहू द्या तुमचा तो."

"तुले इंग्रजी समजत नाई."

"नाच इंग्रजीत असते का?"

पुढच्या रविवारी मुलीला सासूबाईंजवळ ठेवून आम्ही पहिल्या एस.टी.नं निघालो. अख्ख्या रस्त्यात हे मला गोष्ट समजावून सांगत होते आणि मी खिडकीबाहेर पाहत होते. तो मला आवडणार नाही, हे मी घरूनच ठरवून निघाले होते.

टॉकीज अर्धी रिकामी होती. पुढे कॉलेजची पोरं, आमच्या रांगेत रेल्वेतून निवृत्त झालेलं वाटावं असं एक ख्रिस्ती जोडपं. तो पडद्यावर आला तशा त्या म्हाताऱ्या बाईनं टाळ्या वाजवल्या. तिच्या नवऱ्यानं हाताची घडी घातली आणि तो दुसरीकडे पाहू लागला. मला तो म्हातारा एकदम आपलासा वाटला. माझ्या शेजारी यांचे पाय खुर्चीखाली हलत होते.

मी बराच वेळ निभावलं. मग एक प्रसंग आला. हॉटेल बंद झालेलं, खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवलेल्या, आणि त्या मोकळ्या जागेत तो आणि त्याची नायिका नाचू लागले. सबंध टॉकीज त्याच्या पायांकडे पाहत असणार. मला त्यातलं काही कळत नव्हतं, म्हणून मी त्याच्या तोंडाकडे पाहत होते. पाय कुठंही जावोत, त्याची नजर तिच्यावरून हलत नव्हती. ती चुकली तर सावरायला, नाही चुकली तर नुसती पाहायला.

परतीच्या गाडीत यांनी विचारलं, "मंग? कसा वाटला?"

मी म्हटलं, "तुमी एवढी वर्षं त्याचे पाय पाह्यता. तो तिच्याकडे पाह्यते. ते नाई शिकले तुमी."

कोंढाळी येईपर्यंत हे आपल्या बुटांकडे पाहत राहिले.

पण मलाही घरी आल्यावर चैन पडेना. डोळ्यांसमोरून ते बंद हॉटेल जाईना. रविवारी सिस्टरबाई आल्या तेव्हा मी चहा आधीच करून ठेवला आणि बसले. त्यांनाही तो प्रसंग आठवत होता. "अगं, तिच्या डोळ्यात पाणी येतं तेव्हा तो हात कसा सोडत नाही, पाहिलंस ना?" मी पाहिलं होतं. यांनी नव्हतं पाहिलं. आम्ही दोघी बोलत राहिलो आणि यांचा चहा निवला.

नळावर, कपडे धुताना, मी गल्लीतल्या बायकांना त्याची गोष्ट सांगू लागले. त्यांनी कधी न पाहिलेल्या त्या माणसाची त्या चौकशी करू लागल्या. एक जण यांनाच विचारून बसली, "भाऊजी, मंग त्यानं तिले नेलं का नाई घरी?"

हे घरात येऊन म्हणाले, "तुले काय समजते त्यातलं? गावभर सांगत सुटली ते!"

दुसऱ्या दिवशी भिंतीवरचं चित्र नव्हतं. धूळ बसते म्हणून यांनी ते आपल्या कपाटात ठेवलं आणि किल्ली जानव्याला बांधली. त्यानंतरच्या महिन्यात हे एकटेच नागपूरला जाऊन आले. कोणता सिनेमा होता, तो कुठं नाचला, मी विचारत राहिले. "गर्दी होती," एवढंच म्हणाले. आधी मी त्याच्यावर जळायची; आता यांच्यावर जळू लागले. मला टाकून यांनी त्याला पाहिलं होतं.

वर्षं गेली. सकाळचे खेळ बंद पडले, त्या टॉकीजला हिंदी सिनेमे लागू लागले. सिस्टरबाई निवृत्त होऊन नागपूरला गेल्या. मुलगी कॉलेजात गेली. यांचे गुडघे धरले आणि फरशीवरची टकटक थांबली.

एका दुपारी मी तूर पाखडत बसले होते. रेडिओवर बातम्या चालू होत्या. शेवटी शेवटी निवेदकानं एक नाव घेतलं, तेही वेडंवाकडं, पण मला कळलं. तो गेला होता.

पंचायत समिती हाकेच्या अंतरावर. मुलगी घरीच होती; तिला पाठवलं असतं तर यांना लगेच कळलं असतं. मी उठले ती दारापर्यंत गेले, आणि कडी लावून परत येऊन बसले. आजवर त्याच्याबद्दलचं सगळं काही मला यांच्यामागून मिळालं होतं. ऑफिस सुटेपर्यंत हे एवढं माझं एकटीचं होतं. सूप मांडीवर ठेवून मी पोटभर रडले.

संध्याकाळी हे पाय धूत असताना मी सांगितलं.

"कवा ऐकलं?"

"दुपारी."

"अन् मले आता सांगून राह्यली?"

हे टॉवेल हातात घेऊन बाकावर बसले. मग म्हणाले, "सिस्टरबाईले समजलं असंन?"

"असंन."

"सिस्टरबाई पत्र तुलेच लिहीन. मले नाई लिहायची."

मी ताटं घेतली. यांनी पहिला घास मोडून तसाच ठेवला आणि मान खाली घातली. माझं रडून झालं होतं, यांचं अजून व्हायचं होतं. मी मुलीला हळूच बाहेर पाठवलं, वांग्याची भाजी वाढून घेतली आणि यांच्यासमोर बसून जेवले.