गच्चीवरचा पिंपळ

जोगेश्वरीतल्या आमच्या इमारतीत आम्ही सगळ्यांत वरच्या मजल्यावर राहतो, म्हणजे गच्चीचं जे काही होईल ते आधी आमच्या डोक्यावर. राहायला आलो तेव्हा गच्ची नुसती कोरी सिमेंटची होती. मुंगीलासुद्धा तिथे काही काम नव्हतं. पावसाचं पाणी साचून आधी शेवाळ धरलं. शेवाळात धूळ अडकली, धुळीत गवत आलं, गवतामागे मुंग्या, गोगलगाई. मग कावळ्याच्या कृपेने भेगेत पिंपळ. मी म्हणायचो, बघू रविवारी. रविवारी उठवत नाही.

आता त्याच भेगेतून पाणी आईच्या पलंगावर ठिबकतं. आई अंथरुणाला खिळलेली आणि घराला खोली एकच. पलंग सरकवून सरकवून भिंत लागली. बादल्या ओतून मी खरंच विटलो आहे.

पिंपळाला मात्र कुणी हात लावेना. म्हणे मुंजा बसतो. कुणीतरी हळदकुंकूही वाहून गेलं. शेवटी सोसायटीचा सेक्रेटरी दारात आला.

"तूच उपट ना यार. तुमच्यात हे पाप-बिप मानत नाहीत ना!"

भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिला पिंपळाचंच वाळलेलं पान लावलेलं. सेक्रेटरीच्या डोळ्यांसमोरच होतं ते. मला राग आला, पण भांडायचंही त्राण नव्हतं.

तो गेल्यावर आई म्हणाली, "तोडायचं नाही हां. मुळासकट काढ, मातीत लाव."

"माती कुठाय? खाली सगळीकडे पेव्हर ब्लॉक."

"आम्ही पहिल्यांदा टेकडीवर झोपडं टाकलं तेव्हा नुसता खडक होता. घमेल्यांनी माती वाहिली, तेव्हा कुठे अळू लागलं. मग कोंबड्या, मग शेजार. तुला कुंडीभर मिळेना?"

छिन्नी-हातोडा घेऊन दुपारभर गच्चीवर बसलो. मूळ स्लॅबमध्ये कुठवर गेलं होतं देव जाणे. शेवटी अर्धं तुटलंच. ते रोप हातात घेऊन खाली आलो आणि आईकडे बघायची हिंमत होईना.

तिने तुटलेल्या मुळावरून बोट फिरवलं.

"त्या बादलीत ठेव," ती म्हणाली.

पलंगाशेजारच्या बादलीत मी ते उभं केलं. वरून पाणी त्याच्या पानांवर पडायला लागलं. भेग बुजवायला मिस्त्री उद्या येणार होता. आईने अंगावरचं प्लॅस्टिक नीट ओढून घेतलं.

"मिस्त्रीला सांग, मुळं फुटेपर्यंत येऊ नको."