हेमंतने बदललेली गाडी

फोन वाजला तेव्हा मी दुकानात एका ट्रकवाल्याशी फॅनबेल्टवरून हुज्जत घालत होतो. पडद्यावर हेमंतचं नाव दिसलं आणि, खरं सांगतो, पहिल्यांदा आली ती चीड. आठ महिन्यांत त्याचे तीन फोन येऊन गेले होते. दोन मी उचलले नव्हते, तिसऱ्याला ‘गिऱ्हाईक आहे, नंतर बोलतो’ म्हणून वाटेला लावलं होतं. हा चौथा. म्हटलं, वाजू दे. वाजून थांबला आणि लगेच पुन्हा वाजायला लागला. उचलला तर पलीकडे वर्षावहिनी, त्याची बायको. “भावजी… हे गेले. पहाटे गेले, वापीला, दवाखान्यात.” मी विचारलं, “असं अचानक? कशाने?” वहिनी म्हणाल्या, “तुम्हाला खरंच काही माहीत नव्हतं?”

आज त्याला दीड महिना झाला. तो प्रश्न अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. म्हणून हे लिहायला बसलोय.

हेमंत डहाणूजवळच्या आगर गावचा. समुद्राच्या अंगाला चिकूची वाडी, थोडी भातशेती, भाजीपाला. माझं तलासरीत हायवेला लागून सुट्या भागांचं दुकान. आमची गाठ पडली ती एका ऑइल सीलमुळे, म्हणजे तेल गळू न देणाऱ्या रबरी चकतीमुळे. अकरा-बारा वर्षांपूर्वी तो दुकानात आला, फडक्यात गुंडाळलेलं फाटकं सील काउंटरवर ठेवलं आणि म्हणाला, “हे मिळणार नाही, माहीत आहे मला. वापीपासून वसईपर्यंत विचारून झालंय. तुम्ही पण नाही म्हणा, म्हणजे मी घरी जायला मोकळा.” मी आत गेलो आणि तसलंच नवं सील आणून त्याच्यापुढे ठेवलं. तो बघतच राहिला. सील माझ्याकडे असायचं कारण एवढंच, की तीच गाडी माझ्याकडेही होती.

जर्मन बनावटीची, दोन दारांची, मागे छप्पर उतरत गेलेली कूपे. एका रांगेत सहा सिलिंडर, ताकद मागच्या चाकांना, पाच गिअर आणि मांडी भरून येईल असा जड क्लच. माझी रुपेरी, जहाजावरच्या एका अधिकाऱ्याकडून घेतलेली. त्याची गडद निळी, दमणच्या एका हॉटेलवाल्याच्या शेडमध्ये धूळ खात पडलेली. दोन्ही गाड्यांनी पंचविशी ओलांडलेली. माझी बायको म्हणायची, जुळ्या बहिणी दोन घरांत दिल्यात आणि आता दोन्ही साडू रोज भांडतायत. भांडण होतंच. माझं म्हणणं, गाडी कारखान्यातून जशी निघाली तशीच ठेवायची. स्क्रूसुद्धा तोच हवा. हेमंतचं म्हणणं, कारखाना जर्मनीत आहे आणि खड्डे डहाणूत. “चालशे रे,” तो म्हणायचा. ‘चालेल’साठीचा हा गुजराती शब्द त्याच्या तोंडात कायम असायचा आणि माझ्या डोक्यात जायचा.

दर रविवारी सकाळी तो तलासरीला यायचा आणि आम्ही गाड्या बदलायचो. त्याची किल्ली मला, माझी त्याला. मग झरीवरून बोर्डी, तिथून किनाऱ्याने डहाणू आणि शेवटी त्याची वाडी. तिथे पोचल्यावर चहा येईपर्यंत प्रत्येकाने दुसऱ्याच्या गाडीतल्या तीन खोडी सांगायच्या. गोड बोलायचं नाही, राग धरायचा नाही. “तुझा दुसरा गिअर कुरकुरतोय.” “तुझी डावीकडची काच वाजतेय.” वहिनी चहा ठेवताना म्हणायच्या, “एवढ्या बारकाईने कधी आमच्याकडे बघितलंत का रे दोघांनी?” आम्ही हसायचो. त्या वाक्यात हसण्यासारखं काही नव्हतं, हे कळायला मला उशीर झाला.

तीनेक वर्षांपूर्वी त्याने खरे बदल करायला सुरुवात केली. आधी स्टिअरिंग. कंपनीचं बारीक कडीचं, चामड्याचं सुंदर चाक काढून त्याने जाड, रबरी कडीचं बसवलं. मी म्हटलं, हे काय, एसटीचं लावलंस? म्हणाला, “पकड चांगली येते.” मग त्याने चाकाला विजेच्या मोटरची जोड दिली, एका बोटाने फिरायला लागलं. मी चालवलं आणि वाडीवर पोचल्यावर तिन्ही खोडी त्याच एका गोष्टीच्या सांगितल्या. रस्ता हाताला कळेनासा झालाय, वळण हाताला कळेनासं झालंय, गाडी चालवतोय हेच हाताला कळेनासं झालंय. तो हसला. पुढच्या खेपेला सीट. दोन्ही बाजूंचा फुगवटा, वळणावर माणसाला धरून ठेवणारा, त्याने कापून सपाट केला आणि सीट चार बोटं वर उचलली. त्यानंतर स्प्रिंगा बदलून अख्खी गाडीच उंच केली. मांडी घालून बसलेल्या रुबाबदार माणसाला उकिडवं बसवावं तशी ती दिसायला लागली. दाराच्या वर आतून एक जाड पट्टाही आला, धरून उतरायला. “म्हातारा झालास का?” मी विचारलं. “झालो,” तो म्हणाला.

मी प्रत्येक बदल पाहिला. कोणता भाग कुठल्या गाडीचा, वेल्डिंग कसं झालंय, सगळं मी सांगू शकलो असतो. सुटे भाग विकण्यात जन्म गेला माझा. नुसता भाग बघून गाडी कुठे आजारी आहे ते मी ओळखतो, गिऱ्हाइकांना त्याचं कौतुक वाटतं. आणि समोर माणूस पट्टा धरून सीटवरून सरकत उतरत होता, तेव्हा मी पट्ट्याची शिवण बघत होतो.

मागच्या थंडीत बोर्डीच्या किनाऱ्यावर जुन्या गाड्यांचे शौकीन जमले होते. वापीचे, दमणचे, पार वसईहून आलेले. पंधरा-वीस गाड्या सुरूच्या झाडांखाली लावलेल्या. हेमंत उशिरा आला. त्याच्या गाडीचा आवाज ऐकताच मला काहीतरी वेगळं वाटलं. गिअर बदलताना मध्ये जो श्वास घेतल्यासारखा खंड पडतो तो नव्हता. मी खिडकीतून आत वाकलो. गिअरचा दांडा वेगळा. खाली दोनच पेडल. कुर्ल्याच्या भंगार बाजारातून ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणून त्याने बसवला होता.

मला काय झालं ते आज सांगता येत नाही. माझ्या स्वतःच्या गाडीवर कुणी ओरखडा काढला असता तरी इतका भडकलो नसतो. सगळ्यांना हाका मारून बोलावलं. म्हटलं, “या, बघा, जर्मन रिक्षा बघा! अरे, रिक्षालासुद्धा क्लच असतो!” लोक हसले. हेमंतही हसला, बसल्या जागीच. खाली उतरला नाही. मग हळूच म्हणाला, “झालं तुझं? चल, गाड्या बदलू. खूप दिवसांत तुझी चालवली नाही.” मी किल्ली खिशात टाकली आणि चारचौघांसमोर म्हणालो, “ज्याला क्लच दाबता येतो त्यालाच मी माझी गाडी देतो.”

तो माझ्याकडे बघत राहिला. रागाने नव्हे. काहीतरी सांगावं की नको असं चाललं असावं… मग म्हणाला, “बरोबर आहे तुझं.” काच वर केली आणि गाडी वळवून निघून गेला. मी मागून ओरडलो, “राग नाही धरायचा हं!” ती आमची शेवटची भेट.

त्यानंतर रविवारी तो आला नाही, मीही गेलो नाही. तलासरी ते आगर म्हणजे काही सातासमुद्रापार नव्हे. अभिमान मला नडला. वाटायचं, त्याने गाडी बिघडवली, त्यानेच यावं. त्याचे फोन आले तेव्हा मनात हेच. आता कळतंय की त्याला येताच येत नव्हतं.

दिवसकार्य झाल्यावर मी वाडीवर गेलो. वहिनींनी चहा दिला आणि समोर बसून सगळं सांगितलं. हातापायांतली ताकद हळूहळू जात होती त्याची. आधी मुठी, मग डावा पाय, मग दोन्ही. डॉक्टरांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं की यावर औषध नाही. शेवटी छातीत कफ साचला आणि तो खोकून काढायचंही बळ उरलं नव्हतं. “घरातल्या सगळ्यांना माहीत होतं,” वहिनी म्हणाल्या. “तुम्हाला मात्र सांगायचं नाही, अशी शपथच घातली होती. म्हणायचे, सगळे माझ्याशी दवाखान्यातल्यासारखं बोलतात. सुध्या एकटा माझ्याशी भांडतो. तेवढं राहू दे.”

मग त्यांनी दुसरंही सांगितलं, कारण वहिनी कुणाला बरं वाटावं म्हणून बोलणाऱ्या नाहीत. “बोर्डीहून आले त्या दिवशी मात्र जेवले नाहीत. डावा पाय चालत नव्हता, तरी तुमची गाडी शेवटचं एकदा चालवून बघायची होती त्यांना. मी म्हटलं, आता तरी सांगून टाका भावजींना. तर म्हणाले, आता सांगितलं तर आयुष्यभर खात राहील त्याला… मीच तुम्हाला फोन करणार होते दोनदा. केला असता तर बरं झालं असतं.” मी म्हटलं, “वहिनी, तुमचा फोनही मी उचलला नसता.” हे खरं होतं, म्हणून म्हटलं. मग आम्ही दोघंही रडलो.

शेडमध्ये गाडीपाशी देवजी होता. झरीचा फिटर, हेमंतची सगळी कामं त्यानेच केलेली. माझ्या दुकानात महिन्यातून दोनदा येणारा माणूस, पण तीन वर्षांत याबद्दल चकार शब्द बोलला नव्हता. मी त्याच्याकडे पाहिलं तर मान खाली घालून म्हणाला, “शेठ, मला पण शपथ होती. गिअरबॉक्स बसवला तेव्हा हेमंतशेठ बोलले, सुधीरशेठ लय शिव्या देतील. मी बोललो, मग नको बसवू. तर बोलले, नाही बसवला तर रविवारचं जायचं कसं?”

भिंतीला लागून चिकूच्या लाकडी पेट्या रचलेल्या होत्या. देवजीने एकेक उघडून दाखवली. गाडीतून काढलेला प्रत्येक मूळ भाग त्यांत होता. तेल लावून, वर्तमानपत्रात गुंडाळून, नटबोल्ट वेगळ्या पिशव्यांत बांधून. सीटच्या कापलेल्या फुगवट्याचा फोमसुद्धा. प्रत्येक पेटीवर चिठ्ठी. पहिल्या पेटीवरचं ‘स्टिअरिंग, सर्व बोल्टसह’ हे त्याचं नेहमीचं टपोरं, शाळामास्तरासारखं अक्षर. सीटच्या पेटीवर अक्षर मोठं आणि वाकडं. स्प्रिंगांच्या पेटीवर एकेक अक्षर सुटं, पेन घसरलेलं. आम्ही जिथे रविवारी चहा प्यायचो तिथून ती शेड वीस पावलांवर होती.

शेवटच्या पेटीवरचं अक्षर वहिनींचं. त्याने सांगितलेलं, त्यांनी लिहिलेलं. ‘क्लच पेडल. रबर झिजलं होतं, नवीन घातलं आहे. सुधीरला लागेल.’

काढून ठेवलेल्या पेडलवर नवं रबर कोण घालतं? मी पेडल बाहेर काढलं. रबरावरच्या रेघा अजून कोऱ्या होत्या; त्यावर कुणाचाही पाय पडलेला नव्हता. ज्याचा पाय उचलत नव्हता, त्याने माझ्या पायाची सोय करून ठेवली होती. वहिनी दारात येऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, “गाडी तुम्हाला द्यायला सांगितलीय. त्याला हवी तशी पुन्हा करू दे, म्हणाले.” देवजीने लगेच हिशेब सांगितला, “पाच-सहा दिवसांचं काम, शेठ. सगळं मूळचं बसेल. कधी घ्यायचं?”

मी म्हटलं, “नाही घ्यायचं.”

हेमंतची शेवटची इच्छा मी मोडतोय, याची मला जाणीव आहे. आयुष्यभर त्याच्याशी ज्यावरून भांडलो, नेमकं ते हातात आलं तेव्हा मी ते नाकारलं. तो असता तर खदखदून हसला असता. पण ती गाडी आता कारखान्याची नाही. तीन वर्षं त्याचं शरीर जसजसं मागे सरत गेलं, तसतशी ती पुढे येऊन त्याला धरत गेली. त्यातलं काही काढायचा अधिकार मला नाही. तिला मी नीट बघायला हवं होतं, तेव्हा बघितलं नाही. निदान आता तिच्यावर हात चालवू नये.

पेट्या माझ्या दुकानात आहेत. निळी गाडी मी रोज चालवतो, घरून दुकान, दुकानातून घर. रुपेरी झाकून ठेवलीय. स्टिअरिंग हलकं आहे, सीटवर सहज सरकून बसता येतं, पट्टा धरून उतरता येतं. माझं काहीही दुखत नसताना मी पट्टा धरून उतरतो. एकच गोष्ट अजून जमत नाही. हायवेवर चढताना, फाट्यावर थांबताना, चाळीस वर्षांच्या सवयीने माझा डावा पाय आपोआप उचलला जातो आणि जोरात खाली जातो… आणि खाली काहीच नसतं. पाय नुसता गाडीच्या तळाला टेकतो. मी तो तिथेच ठेवतो, आणि मग निघतो.