डाव्याच्या कानातलं वाजवणं

त्याला बँडमध्ये सगळे डाव्या म्हणत. जेवण, लिहिणं, भांडणात हात उगारणं, सगळं डावं. कीबोर्डवर मात्र उजवा हात असा पळायचा की विचारू नका! बाप घड्याळं दुरुस्त करायचा. पोरगं जेवायच्या टेबलावर बोटं आपटत बसलं की तो ओरडायचा, "अरे, लाकूड बडवून कुणाचं पोट भरलंय का?"

भरलं की! बायकोचा थोरला भाऊ गायचा, त्याच्याच बँडमध्ये डाव्या लागला. त्यांचं एकच गाणं गाजलं, पण असं गाजलं की रिक्षापासून न्हाव्याच्या दुकानापर्यंत तेच. त्याची सुरुवात नुसत्या कीबोर्डवर होती, आणि ती डाव्याची होती. लोक ती शिट्टीवर वाजवत आणि सही मात्र मेव्हण्याची घेत. चालायचंच. कीबोर्डवाला मागे उभा असतो, त्याचं तोंड बघायला कोण येतंय?

पुढे दिवस पालटले. गिटारवाल्याने विम्याची नोकरी धरली. मोठ्या मैदानांच्या जागी लग्नाचे हॉल आले, दुकानांची उद्घाटनं आली. आणि एका सकाळी दाढी करताना डाव्याच्या उजव्या हातातून साबणाची वाटी गळून पडली. अर्धांगवायूचा झटका सौम्य होता म्हणे. डॉक्टरांना काय जातंय सौम्य म्हणायला! उजव्या हाताची शेवटची दोन बोटं मेली.

तो दवाखान्यात होता तेव्हा बँडने त्याचं जुनं रेकॉर्डिंग मशीनवर लावून कार्यक्रम उरकले. कुणाला पत्ताही लागला नाही. तो परत आला तेव्हा मेव्हणा म्हणाला, "ट्रॅक राहू दे मागे. तू वरून वाजव. तेवढाच आधार."

डाव्याला ते झोंबलं, पण बँड सुटला असता तर तो गेलाच असता. तो रोज सकाळी खिडकीशी बसून ती दोन बोटं घासायचा, घामाघूम व्हायचा. कार्यक्रमात कानात छोटा स्पीकर घालून वाजवायचा. त्यात आपलं वाजवणं स्वच्छ ऐकू यायचं, चुकाही. बायको प्रत्येक कार्यक्रमाला यायची आणि गाडीत म्हणायची, "आज छान वाजलं हं." त्यावर त्याचा आठवडा निघायचा.

मग एका कारखान्याच्या वार्षिक कार्यक्रमात, भर दुपारी, ते गाजलेलं गाणं सुरू व्हायच्या ऐन क्षणी मशीन बंद पडलं. मेव्हण्याचा चेहरा पांढराफटक. डाव्याला मात्र आतून उकळी फुटली. आता कळेल लेकांना! त्याने सुरुवात धरली. मेलेली बोटं उठली. एकेक सूर जागेवर पडत गेला, आजारपणानंतर पहिल्यांदाच.

समोर लोक शिट्ट्या मारू लागले. त्याला वाटलं, ओळखलं गाणं. मग कुणीतरी ओरडलं, "अरे, वाजवा की काहीतरी!"

त्याने कानातला स्पीकर ओढून काढला. हॉलमध्ये काही नव्हतं. त्याची बोटं प्लॅस्टिकवर आपटत होती तेवढा टकटक आवाज.

सगळे गोंधळून इकडेतिकडे बघत होते. बायको तेवढी बघत नव्हती. तिने मान खाली घातली होती.

स्टेजमागे त्याने साउंडवाल्याची कॉलर धरली. तो बिचारा म्हणाला, "तुमची लाईन बाहेर दिलेलीच नाही, दादा. फक्त तुमच्या कानात."

"कधीपासून?"

"तुम्ही परत आल्यापासून."

"कुणाचं डोकं हे?" मेव्हण्याकडे वळून तो किंचाळला. मेव्हण्याने बहिणीकडे पाहिलं.

"माझं," ती म्हणाली. "पहिल्या तालमीला ऐकलं मी. लोक हसले असते रे तुला. आणि घरी बसला असतास तर तू जगला नसतास. काय करायला हवं होतं मी? सांग ना!"

संताप होता, पण तो काढायचा कुणावर? तो एका खोक्यावर बसला. तिने त्याचा उजवा हात आपल्या हातात घेतला, आणि त्याने तो राहू दिला.

"आज बरोबर वाजलं होतं गं," तो म्हणाला. "खरंच. एकही सूर चुकला नाही."

तिने तोंड उघडलं, आणि तिच्याने 'छान वाजलं' म्हणवेना.