दुसऱ्या सीईटीची वली गाठोडी

यंदा सीईटी दोनदा होती. पहिल्या खेपेले लेकरू पिऊन निजलं होतं, मी निवांत पेपर देऊन आली आनि परसेंटाइल चांगला आला, अमरावतीचं फार्मसी कॉलेज भेटन एवढा. अमरावतीच काहून, तं माहेर चांदूर रेल्वेले, जवयच, लेकराले माही माय पाह्यन. दुसरीकडं नंबर लागला तं शिकनंच नाई. बारावी झाली न झाली तं लग्न झालं होतं, आता हेच एक दार उघडं दिसून राहिलं होतं.

आमच्या ह्यायनं दुसऱ्या खेपेचाबी फॉर्म भरून ठेवला होता. वाढला तं बरंच हाय, म्हने. सासूबाई मात्र म्हनल्या, "चांगल्या कापसाची गाडी भरली हाय न तुही, मंग आता वरून वली गाठोडी काहून टाकतं वं?"

जिनिंगवर कापूस इकाले नेला आनि एक गाठोडी पान्यानं वली निंघाली का सगया गाडीचा भाव पडते, हे आमच्या घरात पायन्यातल्या लेकरालेबी समजते. मलेबी तसंच वाटलं. दोन्ही खेपेचे परसेंटाइल एकात एक मिसयतीन आनि चांगला वालाबी वला होईन. कोनाले इचाराची भीती वाटे, म्हनतीन एवढं माहीत नाई आनि निंघाली शिकाले.

तरी पेपराले बसली. अकोल्याचं ऊन, बाहेर निंबाखाली सासूबाई लुगड्याच्या झोयीत लेकराले झुलवून राहिल्या, आनि आत एवढा गारवा का अंगावर काटा. समोर कंप्युटरचा निया उजेड. पहिले दोन-चार प्रश्न सोडवले आनि मंग लेकरू रडल्यासारखं आयकू आलं. भिंती जाड, खिडक्या बंद, तरी आयकू येच. मले पान्हा फुटला, वलावा पोटापर्यंत आला, पदर घट्ट धरला, आनि पडद्यावरची अक्षरं पान्यातल्या मासोयीसारखी इकडून तिकडं जाऊ लागली. मी काय दाबलं, काय सोडलं, मले आताबी आठवत नाई. झोपेत कोनी बोट धरून चालवावं तशी मी त्या पेपरातून चालत गेली.

बाहेर आली तं लेकरू गाढ झोपलं होतं.

"रडलं का?"

"छा. तू गेली तवापासून घोरून राहिलं, बापावर गेलं."

दुसऱ्या खेपेचा परसेंटाइल पहिल्यापेक्षा कमी आला. परसेंटाइल म्हंजे आपल्या मांगं किती पोरं हायेत थे, असं ह्यायनं सांगतलं होतं. मले सपनात दिसे, काया वावरात माह्या मांगं पोरांची रांग उभी हाय, आनि एक-एक जन हयूच पुढं निंघून जाऊन राहिला. कोनी धक्का देत नाई, कोनी बोलत नाई. अमरावती त्यायच्यासंगच जाये.

कागद तपासाच्या दिवशी मी दोन्ही निकाल टेबलावर ठेवले. तिथल्या मॅडमनं एक उचलला, दुसरा परत सरकवला.

"दोन्ही काहून देऊन राहिली बाई? जो जास्त, तोच धरतात."

"आनि कमी वाला?"

"त्याच्याकडं कोनी पाहत नाई."

"मिसयत नाई?"

"मिसयाले काय वरन हाय का थे?"

सासूबाई मांगून म्हनल्या, "बापा, आमच्या जिनिंगवाल्यालेबी शिकवा न हा हिशोब."

मॅडम हासली. मले हासू आलंच नाई, तिथंच खुर्चीवर बसली आनि लेकराले पदराखाली घेतलं. काही दिवसानं मोबाईलवर नंबर लागल्याचं आलं, अमरावतीच.

आता मी सकायी चांदूरहून निंघते. गाडीत डोये मिटले का कधी-कधी तो दुसरा पेपर आठवते. कोनी पाह्यला नाई, कोनी मोजला नाई. पन त्या गार खोलीत ज्याच्यासाठी मी वली झाली, त्याचं रडनं मले अजूनबी आयकू येते. घरी फोन लावते. माय म्हनते, झोपलं हाय.