पांढरी बग्गी

आमच्या घरात अजूनही सांगतात की दादाने पंचकल्याणी घोडा विकला आणि घरातलं शुभ गेलं. दादा आता नाही. घोडा का गेला हे सांगू शकणारा मी एकटाच उरलो आहे.

दादा माझा थोरला भाऊ. अंबरनाथ स्टेशन ते शिवमंदिर त्याचा टांगा चाले. घोडा कुमैत, म्हणजे अंग तांबूस आणि आयाळ काळी. चारही पाय गुडघ्याखाली पांढरे, कपाळावरून नाकापर्यंत पांढरा पट्टा. अशा घोड्याला पंचकल्याणी म्हणतात. सोमवारी देवळाला निघालेल्या बायका टांग्यात बसण्याआधी त्याच्या पाठीला हात लावून नमस्कार करायच्या. दादा म्हणायचा, "देवाच्या आधी ह्याचं दर्शन. आणि हा दक्षिणा मागत नाही, चणे मागतो."

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी रिक्षा वाढल्या आणि टांगे एकेक करून बंद झाले. उल्हासनगरचा एक सिंधी मंडपवाला वरातीसाठी बग्गी शोधत होता. दादाने टांगा मोडीत काढला आणि एक जुनी बग्गी आणली. घोड्याला काम मिळालं तरच तो आमच्याकडे राहणार होता. नुसता बांधून पोसणं आम्हाला जमणारं नव्हतं.

बग्गीच्या रंगाचं काम माझ्याकडे आलं. मोरिवलीच्या एका कारखान्यात मी रंगखात्यात होतो. तिथे दवाखान्यांसाठी पांढरी कपाटं आणि खाटा बनत. दिवसभर स्प्रे गनने पांढरा मारायचा, एवढंच मला येत होतं. ते मात्र चांगलं येत होतं.

रंग दादाच्या मनात ठरलेला होता. घोडा बग्गीपुढे उभा करून त्याने मला दाखवलं. "बग्गी गडद हिरवी कर, जवळजवळ काळी. चाकाचे आरेही तसेच. पण प्रत्येक आऱ्याचं बाहेरचं, लोखंडी धावेकडचं टोक पांढरं. ह्याचे पाय पांढरे, तसे चाकाचे पाय पांढरे. लांबून वाटलं पाहिजे, दोघं एकाच आईची लेकरं."

ते मला दिसलं, आणि छान दिसलं. पण गोल आऱ्यावर ब्रशने सरळ कड राखायची होती. ब्रशवर माझा हात कधी बसलाच नव्हता. गडद रंगावर तर जराशी थरथरही लपत नाही. दादासमोर हे बोलायची मला लाज वाटली, कारण घरात मी पेंटर म्हणून मिरवत होतो.

मी मंडपवाल्याकडे जाऊन रंग कोणता हवा ते विचारलं. तो झालरींचा ढीग उपसत होता. मान वर न करता म्हणाला, "रंग कोई भी लगाओ, भाई. घोडे पे जमना चाहिए. फोटो में पहले घोडा आता है."

घरी येऊन मी दादाला सांगितलं, "शेटला पांढरीच पाहिजे."

दादाने घोड्याकडे पाहिलं. "तिच्यापुढे हा मळका दिसेल रे."

"मग धुऊन काढ त्याला," मी म्हणालो. दादा हसला आणि विषय संपला.

बग्गी अशी उतरली की शेजारी हात लावून बघायला आले. पण घोडा जुंपल्यावर त्याचे पांढरे पाय पांढऱ्या चाकांत हरवले आणि तांबूस अंग चिखल लागल्यासारखं दिसू लागलं. पहिल्याच वरातीत नवऱ्या मुलाचा मामा बोलला, "गाडी एक नंबर है. घोडा रास्ते से उठाया क्या?" दुसऱ्या दिवशी मंडपवाल्याने दादाला सांगितलं, "इतनी अच्छी गाडी बनाई, अब इसके लिए सफेद घोडा लाओ."

बग्गी पुन्हा रंगवता आली असती. मी तसं सुचवलं नाही, कारण मग हिरवा रंग आणि आऱ्यांची टोकं आलीच असती. दादाही शेटशी रंगावरून बोलला नाही. त्याच्या समजुतीप्रमाणे शेटचीच ती मर्जी होती.

घोडा खरवईच्या एका वीटभट्टीवाल्याकडे गेला आणि दारात पांढरी घोडी आली. आई दादाला म्हणाली, "घरातलं शुभ विकून लोकांची लग्नं लावायला निघालास होय?" पुढे घरात काहीही बिनसलं की ती हेच वाक्य काढी. दादाचं उत्तरही ठरलेलं असे, "गिऱ्हाइकाची मर्जी, आई." मी तिथेच बसलेला असे.

एकदा मी खरवईला गेलो होतो. घोडा विटांची गाडी ओढत होता. त्या गाडीला कधी रंग लागलाच नव्हता. उन्हापावसाने लाकूड काळपट झालं होतं. विटांची धूळ बसूनही त्याचे पाय लांबून स्पष्ट दिसत होते. त्या गाडीला तो शोभत होता.

परवा दादाचा मुलगा आपल्या सुनेला घोड्याची तीच गोष्ट सांगत होता. मी त्याला थांबवून हे सगळं सांगितलं.

"म्हणजे शेट पांढरी म्हणालाच नव्हता?"

"नाही."

"बाबांना माहीत होतं?"

"नाही."

त्याने एकदा सुनेकडे पाहिलं. मग म्हणाला, "निदान आजीला तरी सांगायचं होतं, काका."